आत्ता काही बदलू नकोस

९ जून

प्रिय मावशी,

सुखरूप पोचले. खोली ठीक आहे. खिडकी आहे, पण उघडली की समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीवर कुणीतरी खडूनं लिहिलंय, 'इथे सायकली लावू नयेत'. तेवढंच माझं निसर्गसौंदर्य.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. एक तर फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस का' आणि 'काकांना मोठ्यानं सांग' ह्यातच संपतं. दुसरं म्हणजे आमच्या बाईंनी तसा नेमच घालून दिलाय. आपला अभ्यास प्रत्येकानं आपल्या एका माणसाला पत्रानं समजावून सांगायचा, आणि तो माणूस ह्यातलं काही न शिकलेला हवा. त्याला कळलं नाही तर आपल्यालाच कळलेलं नाही, असं त्या धरतात. बाकीच्यांना असा माणूस शोधावा लागला. मला कसला शोधावा लागतोय? आई गेल्यापासून माझी बडबड ऐकून घ्यायचं काम तुझ्याकडेच आहे.

तर ऐक. जगभर माणसं आजारी का पडतात आणि बरी का होत नाहीत, हे एकट्या डॉक्टरला कळणं शक्य नाही, असं इथं मानतात. म्हणून आमच्या गटात एक डॉक्टर आहे, एक जनावरांचा डॉक्टर, एक सांडपाण्याचा इंजिनियर, एक अर्थशास्त्रवाली, लोकांच्या घरी बसून त्यांच्या सवयी समजून घेण्यात पदवी घेतलेली एक मुलगी, आणि आकडेमोड करणारी मी. आम्हाला प्रश्न मिळालाय तो असा: जुनी, चांगली औषधं आता लागू का पडत नाहीत? गोळी तीच, आजार तोच, पण माणूस उठत नाही. जंतू त्या गोळीला सरावलेत. का सरावले?

डॉक्टर म्हणतो, लोक ऐकत नाहीत. जनावरांचा डॉक्टर म्हणतो, कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यातून त्याच गोळ्या घालतात, ते बघा आधी. इंजिनियर म्हणतो, कारखान्यांचं पाणी कुठं जातं ते बघा. अर्थशास्त्रवाली म्हणते, ज्याला रोजचा खर्च भागत नाही त्याला पूर्ण औषध कसं परवडणार? रोज जेवणाच्या टेबलावर हीच भांडणं. मी सगळ्यांना म्हणते, आकडा आणा, मग बोला. म्हणून माझं नाव पडलंय आकडेबाई.

काकांचा कान कसा आहे? कळवशील ना?

तुझी,
ठकी


१८ जून

चि. ठकीस मावशीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे शेजारणीलाही आपोआप ऐकू गेलं. ती भिंतीपलीकडून विचारते, "कोंबड्यांचं पुढं काय झालं?" हे हसून हसून बेजार. म्हणाले, "सहा शहाणे एका टेबलावर जेवतात आणि भांडी कोण घासतं ते विचार तिला." कान जसा होता तसाच. शिलाई मशीनची दुरुस्ती मात्र अजून आवाजावरून करतात, हे कसं ते देव जाणे. माझं बोलणं ऐकू येत नाही, मशीनचं कुरकुरणं ऐकू येतं.

तुझा अभ्यास मला कळला असं वाटतं. चांगलं काम आहे. आजारी माणसासाठी केलेलं काम देवाच्या पायाशी रुजू होतं. रोज बसते तेव्हा तुझ्या त्या सगळ्यांसाठी मागते, सांडपाणीवाल्यासाठीसुद्धा.

पण औषध वाया घालवणाऱ्या लोकांचा मला राग येतो. आमच्याकडे एक गोळी वाया जात नाही. डॉक्टर पाच-सात दिवसांच्या देतात, माणूस तिसऱ्या दिवशी उठून बसतो. मग बरं वाटल्यावर पोटात रसायनं कशाला घालायची? उरलेल्या मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. तुला आठवत असेल, निळा. प्रत्येक पाकिटाला चिठ्ठी: घसा, ताप, लघवीची जळजळ. पुन्हा कुणाला तसंच झालं की डॉक्टरकडे न जाता भागतं. गेल्या थंडीत ह्यांचं, शेजारणीचं आणि तिच्या नातीचं, तिघांचं त्या डब्यावर निभावलं. हे म्हणतात, तुझी मावशी म्हणजे गल्लीचा दवाखाना.

पोटाला नीट खात जा. अभ्यास काय, खाऊनही होतो.

तुझी,
मावशी


३० जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं! रागावू नकोस. तुझ्या डब्याचं वर्णन ऐकून सवयीवाली मुलगी टुणकन उठली, म्हणाली, "हेच! हे असं कुणी मोकळेपणानं सांगत नाही." लोक आम्हाला ऐकायला आवडेल तेच सांगतात. तू खरं लिहिलंस.

त्यातून एक गोष्ट ठरली. आमची पाहणी जिथं करायची त्या वस्त्यांत बाईंनी तुमचीही गल्ली घेतली. एक मुलगी घरोघर येऊन प्रश्न विचारेल. लोक तिला दारातूनच वाटेला लावतील, तेव्हा तू जरा ओळख करून दे. तुझा शब्द तिथं चालतो.

आमची पद्धत अशी, की दोन फेऱ्या करायच्या. पहिलीत विचारायचं, काही महिन्यांनी दुसरीत पुन्हा विचारायचं. दोन्ही वेळा फक्त विचारायचं आणि लिहून घ्यायचं. शेवटी माहितीची सभा होईल, त्यात सगळ्यांना सगळं सांगू. डब्याबद्दलही तुझ्याशी तेव्हाच सविस्तर बोलेन. तोवर तू आत्ता काही बदलू नकोस. जसं करतेस तसंच चालू दे.

काकांना सांग, भांडी आम्ही पाळीपाळीनं घासतो आणि डॉक्टर सगळ्यात वाईट घासतो.

तुझी,
ठकी


१९ ऑगस्ट

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुमची पाहणीवाली मुलगी येऊन गेली. गोड आहे, पण चप्पल झिजलेली. मी तिला बसवलं, पाणी दिलं, मग एकेका घरी घेऊन गेले. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, "मला विचारू नका, मी आजारीच पडत नाही." त्याची बायको आतून ओरडली, "मग परवा कण्हत कोण होतं?" सगळी गल्ली दारात जमली. शेजारणीनं तर प्रश्नाला उत्तर सोडून आपल्या सुनेबद्दलच सगळं सांगितलं. तुमची मुलगी बिचारी मान हलवून लिहीतच राहिली.

इकडे ह्यांना जरा बरं नव्हतं. लघवीला जळजळ, संध्याकाळी कणकण. चार दिवस बोलले नाहीत, मशीन उचलताना चेहरा वाकडा झाला तेव्हा मला कळलं. शेजारीण म्हणत होती, दवाखान्यात न्या. मी म्हटलं, कशाला? आमच्या ठकीनं मुद्दाम लिहून कळवलंय, जसं करतेस तसंच चालू दे म्हणून. ती शिकते तेच ते. डब्यातल्या दिल्या. तीन होत्या. ताप उतरला, देवाची कृपा. आता पुन्हा दुकानात जातात. थोडे वाळल्यासारखे दिसतात एवढंच.

तू काळजी करू नकोस. परीक्षा कधी?

तुझी,
मावशी


२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

घाईत लिहितेय, माफ कर. परवा आमचं सादरीकरण झालं. बाहेरगावचे पाहुणे होते. पहिलंच चित्र मी तुझ्या निळ्या डब्याचं काढून लावलं, नाव न सांगता. मग त्यातून चार रेघा ओढल्या: एक दवाखान्याकडे, एक खिशाकडे, एक गटाराकडे, एक सवयीकडे. एका डब्याभोवती आमचे सगळे विषय पहिल्यांदा न भांडता उभे राहिले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई नंतर म्हणाल्या, "आकडेबाईंना माणूस सापडला."

काकांना पाणी भरपूर प्यायला लाव. पुन्हा तसं वाटलं तर मला कळव. दुसरी फेरी फार लांब नाही, मग तुझ्याशी निवांत बोलायचंय.

तुझी,
ठकी


२६ सप्टेंबर

ठकी,

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. कागद इथल्या नर्सनं दिला. फोन करावासा वाटला, पण तुझी परीक्षा चालू असेल आणि माझा आवाज तुला लगेच कळतो.

ह्यांना पुन्हा झालं. डब्यात तशा दोनच उरल्या होत्या, त्या दिल्या. मग शेजारणीकडच्या आणल्या, त्यांचा रंग वेगळा होता पण चिठ्ठी तीच. एक दिवस बरं वाटलं. मग अशी थंडी भरली की पलंग वाजायला लागला. न्हाव्यानं आणि त्याच्या भावानं उचलून आणलं.

डॉक्टर तरुण आहेत, पण समजावून सांगतात. जंतू रक्तात उतरलेत म्हणाले. तपासणीत एकामागून एक औषध घालून बघितलं, जंतूंना काही होत नाही. एक शेवटचं चालू केलंय. मला विचारलं, "ह्याआधी काय काय दिलंत?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "आजी, असं का केलंत? पहिल्याच वेळी आला असतात तर." मी म्हटलं, आमची मुलगी ह्याच विषयात शिकते, तिनंच चालू ठेवायला सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलंय. तुझं पत्र घरी आहे. मी नीट वाचलं होतं ना ग?

मघाशी हे जागे झाले. मी जवळ गेले तर माझ्या ओठांकडे बघत होते. म्हणाले, "दुकान कुणी उघडलं?" मी म्हटलं, कुणी नाही. म्हणाले, "मग त्या शिंपिणीचं मशीन तसंच पडलं असेल."

नर्स हाक मारतेय. पत्र तिच्याकडेच टाकायला देते.

मावशी


२० ऑक्टोबर

मावशी,

तुझं बाकावरचं पत्र मला इथं परत आल्यावर मिळालं. न्हाव्याचा फोन आला तशी मी निघाले होते, आणि पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. घरी होते तेवढे दिवस तू मला एकदाही विचारलं नाहीस. मला वाटलं, माझ्या त्या पत्रानं काय झालं ते तुला माहीतच नाही. मी तुझ्या शेजारी झोपत होते, तुला वाढत होते, काकांच्या दुकानाचं कुलूप मीच लावलं, आणि सांगायला तोंड उघडत नव्हतं. आता लिहिते.

तू नीट वाचलं होतंस. मी तसंच लिहिलं होतं.

तुझं जूनचं पत्र वर्गात वाचलं, तेव्हा डॉक्टर ताडकन म्हणाला होता, "आजच्या आज कळव मावशीला, हे धोक्याचं आहे." मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, नियम माहीत आहे ना, पाहणी संपेपर्यंत त्या वस्तीत कुणाला काही सांगायचं नाही, नाहीतर सवय बदलते आणि आपण मोजतो ते खोटं ठरतं. त्यांनी मला सक्ती केली नाही. तू माझी मावशी आहेस हे त्यांना माहीत होतं, ठरव, म्हणाल्या. मी ठरवलं. मला वाटलं, काही महिन्यांचा तर प्रश्न आहे. आणि खरं सांगायचं तर मला ते घर हवं होतं. इतकं खरं बोलणारं घर दुसरं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तू लिहिलंस, ह्यांना डब्यातल्या दिल्या. ते वाचून मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. सादरीकरण दोन आठवड्यांवर होतं. तुला लिहिलं काय, तर पाणी भरपूर पाज.

इथं सगळे समजूत घालतात. इंजिनियर म्हणतो, तो जंतू पाण्यातूनही आला असेल. जनावरांचा डॉक्टर म्हणतो, खाण्यातून. डॉक्टर म्हणतो, कुठून आला हे आता कुणीच सांगू शकणार नाही. हे सगळं खरं आहे मावशी, अभ्यास तेच सांगतो. पण पहिल्याच तापाला काका दवाखान्यात गेले असते, तर योग्य औषध वेळेवर मिळालं असतं. ते गेले नाहीत, कारण तू माझ्या शब्दावर विसंबलीस. ह्यात कुणाचा विषय नाही, मी आहे.

मी बाईंना सांगितलंय की सोडून जाते. त्यांनी अर्ज घेतला नाही, तसाच टेबलावर आहे. तू सांगशील तसं करेन. मला माफ करशील का, हे विचारायचाही हक्क मला नाही, तरी विचारते.

ठकी


१२ नोव्हेंबर

ठकी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी वाचलं आणि मिटून ठेवलं. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे, टपालाला नावं ठेवत नाही.

तू घरी होतीस तेव्हा मी विचारलं नाही, कारण तुझ्या तोंडाकडे बघून मला उत्तर कळलं होतं. ते कानानं ऐकायची ताकद नव्हती.

माफ केलं असं मला लिहिता येत नाही. देवापुढे बसते तेव्हा म्हणून बघते, पण शब्द तोंडातून निघत नाही, आणि तिथं खोटं बोलायची मला सवय नाही. राग आहे. कुणाचा, ते रोज बदलतं. कधी तुझा. कधी ह्यांचा, चार दिवस दुखणं अंगावर का काढलंत म्हणून. तुझ्या बाईंचा तर फार येतो, त्यांना मी पाहिलेलंही नाही. आणि रात्रंदिवस माझा स्वतःचा. गोळी मी दिली. माझ्या हातानं, मान धरून, पाणी पाजून. हे तू तुझ्या अंगावर ओढून माझ्याकडून काढून घेऊ नकोस. तुझा वाटा तुझा, माझा माझा.

घर फार शांत आहे. आधीही हे फार बोलायचे असं नाही, पण मला मोठ्यानं बोलावं लागायचं. परवा दूधवाल्याशी बोलताना तो म्हणाला, "आजी, मी इथंच उभा आहे, ओरडता कशाला?"

तुमची मुलगी गेल्या सोमवारी आली, दुसऱ्या फेरीला. तिला आमचं कळलेलं नव्हतं. बसली आणि विचारलं, घरात माणसं किती. मी दोन म्हणाले. तिनं लिहिलं. मग मीच तिला थांबवलं आणि खोडायला लावलं.

शेजारीण तेव्हा माझ्याकडेच बसलेली होती, हल्ली बसते. तिचेही प्रश्न इथंच झाले. तिनं सांगितलं, नातीला ताप होता, आता बरा आहे, औषध अर्धं उरलंय, पुढच्या वेळेला होईल. माझ्या घरात बसून, माझ्याकडे बघत ती हे सांगत होती. तिला त्यात काही वाटलं नाही. हे गेले ते वयानं, असं ती धरून चालते. आणि तुमची मुलगी "बरं" म्हणाली आणि लिहायला लागली.

मी म्हटलं, "बरं काय? सांग तिला."

ती कावरीबावरी झाली. म्हणाली, "आजी, आम्हाला आत्ता सांगता येत नाही. सभा होणार आहे ना, तेव्हा."

मी उठले. शेजारणीचा हात धरून तिला तिच्या घरी नेलं, ते औषध शोधायला लावलं, आणि म्हटलं, ही पोर आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. त्यांनी सांगितलं तेवढं सगळं पाज, उरवू नकोस. ती चिडली. "तुझ्याच डब्यातलं घेत होतो की इतकी वर्षं!" म्हणाली. मी म्हटलं, "हो. आणि माझा नवरा कशानं गेला ते विचार मला." मग आम्ही दोघी तिथं किती वेळ रडत बसलो कुणास ठाऊक. तुमची मुलगी दारात उभी होती. हळूच म्हणाली, "आजी, आता हे घर आम्हाला पाहणीत धरता येणार नाही."

मी म्हटलं, नका धरू.

त्यानंतर मी रोज दोन-तीन घरी जाते. तू मला जूनमध्ये जे लिहायला हवं होतं ते मी दारोदार सांगत फिरते. न्हाव्यानं हसण्यावारी नेलं, त्याची बायको उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती, तिनं ऐकलं. तेव्हा तुमच्या बाईंना सांग, आमच्या गल्लीचा अभ्यास मी बिघडवला आहे. त्यांना बोलायचं असेल तर मला बोलू दे, त्या पोरीला नको. तिची चूक नाही.

अर्ज परत घे. सोडून जाऊन तुझ्या काकांचं काय भलं होणार आहे? तिथं बस आणि तो नियम बदलून घे. भांड, हवं तर. भांडायला लहानपणापासून तुला कधी शिकवावं लागलं नाही. ते झालं की ये, तोवर येऊ नकोस. आत्ता तू समोर आलीस तर मी तुला काय बोलेन ते मला माहीत नाही.

एक मात्र अडलंय. गटाराकडच्या शेवटच्या घरी गेले होते. तिथली बाई धुणी-भांडी करते, नवरा नाही. तिच्या मुलाला छातीत कफ भरून ताप येतोय. माझं सगळं तिनं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाली, "ताई, मी उरवत नाही हो. दुकानदार सुट्या देतो, जेवढं जमतं तेवढ्याच विकत घेते." तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. तशीच परत आले. तुझ्या त्या अर्थशास्त्रवालीला विचार, डॉक्टरला विचार, असल्या माणसानं कुठं जायचं, कुणाला भेटायचं. जे कळेल ते लगेच फोन करून सांग.

पोर आजारी आहे. ह्या वेळी कुठल्या फेरीची वाट बघू नकोस.

मावशी